वान सालेह यांचा खजिना

खजिना नेमका कुठे पुरला आहे हे न सांगताच वान सालेह वारले, आणि त्याबद्दल त्यांना क्षमा करायला तीन माणसं अजिबात तयार नव्हती.

ती तिघंही चाळिसाव्या दिवसाच्या प्रार्थनेला आली. थोरला जुनैदी, त्याची चुलतबहीण मेलाती आणि कोपऱ्यावरच्या कॉफीवाल्याचा मुलगा आह सेंग. आह सेंगला प्रार्थना येत नव्हती, पण आपल्यामुळे म्हाताऱ्याचं काही अडू नये म्हणून तो सगळ्यांबरोबर ओठ हलवत होता. तिघांनी मांडी मोडली नाही, पानात भात टाकला नाही, आणि पाहुणे उठून गेल्यावरही ती उठली नाहीत. वान सालेह यांची मुलगी मस्तुरा ताटं गोळा करत दारापर्यंत आली तेव्हा तिला दिसलं, की पायऱ्यांखाली चपलांच्या रांगेत एक फावडंही नीट लावून ठेवलं आहे.

"बु मस्तुरा," जुनैदी म्हणाला. ती शाळेत शिकवायची, म्हणून अख्खी वस्ती तिला 'बु' लावायची, म्हणजे आपण बाई म्हणतो तसं. वान सालेह यांना मात्र वस्तीतली सगळी मुलं 'अतोक', म्हणजे आजोबा म्हणत. "अतोकनी तुम्हाला जागा सांगितली असेल ना?"

"कसली जागा?"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. मोठी माणसं कधीकधी वेड पांघरतात, हे त्यांना ठाऊक होतं.

"आवांग सुंबिंगच्या खजिन्याची. अतोक म्हणाले होते, अंगणातच आहे. रोजे संपले की दाखवतो म्हणाले होते."

आवांग सुंबिंग हा फाटक्या ओठाचा समुद्री चाचा मस्तुराच्या चांगल्या ओळखीचा होता. तिच्या लहानपणी वडील रोज संध्याकाळी त्याला पायऱ्यांवर आणून बसवत आणि नेमका गलबताला छिद्र पडलं की जेवायला उठत. फक्त तेव्हा त्याचा खजिना कुठल्याशा बेटावर पुरलेला होता, आणि ते बेट इतकं लांब होतं की जाऊन पाहण्याचा प्रश्नच नव्हता. म्हातारपणी वडिलांनी तो अंगणात आणला होता. गुडघे दुखायला लागले की माणूस खजिनासुद्धा जवळ आणतो.

'बाळांनो, ती गोष्ट होती,' असं सांगायला मस्तुरानं तोंड उघडलं. तेवढ्यात मेलाती हसली आणि तिचा पुढचा दात अर्धा असल्याचं दिसलं.

"दाताला काय झालं?"

"शाळेतली पोरं म्हणाली, तुमचा अतोक थापाड्या. मी म्हटलं, नाही." एवढ्यात सगळं आलं असं समजून मेलाती गप्प झाली.

"ते थापा मारायचे का हो, बु?" आह सेंगनं विचारलं. साखरेचा भाव विचारावा तसं विचारलं, पण उत्तर मिळाल्याशिवाय तो हलणार नव्हता.

मस्तुराचे वडील उभा जन्म बंदरावर जकातीचे कारकून होते. 'सालेहनं मोजलंय ना? मग पुन्हा मोजू नका,' असं तिथले तांडेल म्हणत. गेल्या चाळीस दिवसांत येणारा प्रत्येक जण तिचा हात हातात घेऊन 'चांगला माणूस होता' म्हणाला होता, आणि ते शब्द ऐकून ऐकून इतके गुळगुळीत झाले होते की त्यांच्यावर वडिलांचा पाय ठरेना. तिच्या दारात बसून वडिलांवर रागावलेली अशी ही तीनच माणसं होती.

"छे," ती म्हणाली. "ते कशाला थापा मारतील?"

मग ताटं घासता घासता तिच्या लक्षात आलं, की आता अंगणात खजिना असणं भाग आहे.

*

खजिना पुरणं हे काम दिसतं तितकं सोपं नाही. पहिला प्रश्न डब्याचा. घरात बिस्किटांचा एक मोठा लाल डबा होता, ज्यात या बेटावरच्या कुठल्याही घराप्रमाणे बिस्किटं सोडून बाकी सगळं असे. पण त्यावर टेबलाभोवती बसून चहा पिणारं कुटुंब छापलेलं होतं. आवांग सुंबिंग कितीही उलट्या काळजाचा असला तरी त्याच्याजवळ असा डबा असणं मुलांना पटलं नसतं. शेवटी तिनं आईचा पितळी पानडबा काढला. आत वडिलांनी खलाशांकडून जमवलेली परदेशी नाणी, एक तुटकी मोत्यांची माळ आणि वजनासाठी मूठभर शिंपले घातले.

दुसरा प्रश्न वेळेचा. दुपारच्या नमाजानंतर तेलुक सिरिह या गावात सगळी माणसं झोपतात. निदान अशी समजूत आहे. मस्तुरानं पदराआड डबा धरावा तसा ओढणीआड धरला, मागच्या केळीपाशी गेली आणि कुदळ मारली. तिसऱ्या घावाला कुंपणावरून आवाज आला.

"काय गं पुरतेयस?"

शेजारच्या माक अंदाक. वय सत्तरीच्या पुढचं, ऐकायला कमी येत असे, पण दिसण्याच्या बाबतीत देवानं ती कसर भरून काढली होती.

"हळद लावतेय, माक."

"हळद? एवढी खोल? उगवायचीय की पळवून लावायचीय?"

मस्तुरानं अंगानं डबा झाकला आणि हळदीची मुळं खोल जातात वगैरे काहीतरी सांगितलं. ती भाषा शिकवते, शेतकी नव्हे, याची माक अंदाकांनी तिला आठवण करून दिली. मग त्या घरात जाऊन स्वतःच्या हळदीची टोपलीभर कांडं घेऊन आल्या आणि कुंपणापलीकडे उभ्या राहून सूचना देऊ लागल्या. मस्तुराला डब्यावर माती लोटून त्यावर हळदीची एक संपूर्ण ओळ लावावी लागली, तीही माक अंदाकांच्या मनासारखी सरळ येईपर्यंत दोनदा.

संध्याकाळी पाक एर्ते आले. हे वस्तीप्रमुख, पूर्वी मालवाहू बोटीवर आचारी होते, आणि शंभर खलाशांना एका घंटेवर जेवायला बसवण्याची सवय त्यांना अजून सुटली नव्हती.

"बु मस्तुरा, तुम्ही खड्डा काढला."

"हळद लावली, पाक."

"हळद हा हेतू झाला. मी खड्ड्याबद्दल बोलतोय. पाण्याचा नवा नळ टाकल्यापासून गुडघ्याहून खोल खणायला परवानगी लागते. तुम्ही शिकलेल्या. तुम्हीच असं करायला लागलात तर मासेवाल्यांना मी काय सांगू?"

परवानगी द्यायचे ते स्वतःच. पण त्यांच्या सहीवर मोठ्या वस्तीप्रमुखाची सही लागत होती आणि तो मुलीच्या लग्नासाठी बाताम बेटावर गेला होता. म्हणून दुसऱ्या दिवशी गावकचेरीत मस्तुराला बसवून ठेवलं. खिडकीतल्या तरुणानं तिला ओळखलं, कारण तिनंच त्याला मलय व्याकरणात दोनदा नापास केलं होतं. तो फार अदबीनं वागला आणि त्यामुळे आणखी उशीर झाला.

"बु, हळदीसाठी शेतीखातं. खड्ड्यासाठी पाणीखातं. तुमचं नक्की काय आहे?"

"खड्डा हळदीसाठीच आहे."

"मग दोन्ही." तो जरा घुटमळला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "आणि लोक म्हणतायत तसं काही असेल, तर संस्कृतीखातं. ते तालुक्याला आहे, बु."

"लोक काय म्हणतायत?"

तरुणानं शिक्का उचलला आणि तो साफ करू लागला.

लोक काय म्हणतायत ते सांगायला कचेरीची गरज नव्हती. माक अंदाक त्याच संध्याकाळी आल्या, पायऱ्यांवर बसल्या आणि पान लावू लागल्या.

"राग मानू नकोस. मी म्हणत नाही, लोक म्हणतात. म्हणे, जकातीतला माणूस. एवढी वर्षं बोटी त्याच्या डोळ्यांसमोरून गेल्या. कोरडा कसा राहील? म्हणे, बाप गेला आणि चाळिसावं उलटताच मुलगी भरदुपारी पुरापुरी करतेय. सोनं असणार."

मस्तुरा त्यांच्याशेजारी पायरीवर बसली.

वडिलांना एकदा कुणीतरी माशांची टोपली पाठवली होती. ती त्यांनी उन्हात चालत परत नेऊन दिली आणि घरी येऊन आंघोळ केली होती. त्या माणसाचा शब्द राखायला तिनं एक पितळी डबा पुरला होता, आणि त्यानं आता त्यांचं नावच पुरायला काढलं होतं.

"आणि हा घे." माक अंदाकांनी कमरेच्या ओच्यातून पानडबा काढून पायरीवर ठेवला. "तू शाळेत गेलीस तेव्हा हळद कशी धरतेय बघायला गेले होते. आईचा डबा असा पुरतात का? खाऱ्या मातीत पितळ काळं पडतं. शिंपले टाकून दिले, वास येत होता."

"माक!"

"हळद मात्र धरली हो."

मस्तुरानं डबा मांडीवर घेतला आणि बराच वेळ तो पुसत बसली. मग सगळं सांगितलं. मुलं, खजिना, मेलातीचा दात, सगळं. माक अंदाकांना अर्धं ऐकू आलं, पण अर्ध्यावरही निवाडा करण्याची त्यांची ख्याती होती.

"आता उघड खण," त्या म्हणाल्या. "चारचौघांत. जे निघेल ते निघेल. नाहीतर तुझा बाप कायमचा चोर राहील."

"आणि काहीच निघालं नाही तर?"

"मग थापाड्या." त्यांनी पान तोंडात टाकलं. "चोरापेक्षा बरं."

*

खणण्याचा दिवस शुक्रवारच्या नमाजानंतरचा ठरला. पाक एर्तेंनी अंगणाला दोरी बांधली, तिच्या आत कोण येईल आणि बाहेर कोण राहील हे जाहीर केलं, आणि सगळे आत आले. माशाच्या वड्या केळीच्या पानात भाजणारीनं कुंपणाला लागूनच शेगडी मांडली आणि धूर सगळा मस्तुराच्या बैठकीच्या खोलीत जाऊ लागला.

सल्ल्यांना तोटा नव्हता. खजिन्याला राखणदार असतो आणि त्याला आधी पिवळा भात आणि अंडं ठेवावं लागतं, असं एकाचं म्हणणं. अंडं उकडलेलं की कच्चं यावर दोन जावांमध्ये तंटा लागला. खजिन्यासमोर कुणी बढाई मारली तर तो जमिनीखालून सरकतो, असं दुसऱ्यानं सांगितलं. आपल्या मामासमोरून असा एक सरकत सरकत थेट समुद्रात गेल्याचं त्यानं मोठ्या अभिमानानं सांगितलं, आणि मग सगळ्यांनी त्यालाच दोरीबाहेर काढलं.

मस्तुरा इस्त्रीचा पोशाखी 'बाजू कुरुंग', म्हणजे लांब झगा आणि खाली सारुंग, घालून पायऱ्यांवर उभी होती. आयुष्यात तिचं इतकं बारीक निरीक्षण लग्नातही झालं नव्हतं. थोड्या वेळानं मुलं खणून थकतील, मोकळा खड्डा बघतील आणि तिच्याकडे वळतील. तेव्हा आपला चेहरा कसा असावा, एवढाच विचार ती करत होती.

"केळीपाशीच खणा," कुणीतरी ओरडलं. "हळदीखाली!"

"तिथं कशाला?" जुनैदी म्हणाला. "तिथं बु मस्तुरांनी पुरलं होतं. अख्ख्या गावाला माहीत आहे. चाच्यानं पुरलेलं वेगळं."

असं म्हणून तो सरळ पायऱ्यांच्या डाव्या हाताला आला आणि वळचणीखालच्या जमिनीवर त्यानं फावड्यानं गोल काढला.

"इथंच का रे?" पाक एर्तेंनी हुकमी आवाजात विचारलं.

"अतोक इथं कुणाला थुंकू द्यायचे नाहीत," मेलाती म्हणाली.

"उष्टं पाणी टाकलं की ओरडायचे," आह सेंग म्हणाला. "माझ्या बाबांवर एकदा ओरडले. बाबा घाबरून कॉफी तिथंच सांडून गेले, तर आणखी ओरडले."

मस्तुरानं हे कधी पाहिलं नव्हतं असं नाही. ओट्यावरून वडील ओरडायचे आणि ती आतून म्हणायची, 'अप्पा, जाऊ द्या हो.' पण म्हातारी माणसं कुठे ना कुठे ओरडतातच. ते नेहमी एकाच जागेवरून ओरडतात, हे तिच्या कधी ध्यानात आलं नव्हतं.

मुलं खणू लागली. माती वर येत गेली, तसतशी बोलणी बसत गेली. मग फावडं कशावर तरी टेकलं आणि एक पोकळ, मातकट आवाज झाला.

पुढचा गोंधळ सांगण्यात अर्थ नाही. दोरी तुटली. शेगडी कलंडता कलंडता राहिली. पाक एर्तेंनी दोन्ही हात पसरून "मागे! जुनी वस्तू सरकारची असते!" अशी आरोळी दिली, आणि मग स्वतःच गुडघ्यांवर बसून हातांनी माती बाजूला केली. निघालं ते एक साधं मातीचं बोळकं. तोंडावर मातीचंच झाकण, आणि त्यावरून एकेकाळी गुंडाळलेल्या कापडाचे चार धागे.

"उघडा!"

पाक एर्तेंनी मस्तुराकडे पाहिलं. तिनं मान हलवली. त्यांनी झाकण काढलं.

आत थोडी काळी माती होती. खडा मिठाचा असावा तसा एक गोळा. गंजून तुटलेली एक सुई. आणि बोटाएवढा पेन्सिलीचा तुकडा.

सगळी वस्ती त्या बोळक्यावर वाकली आणि हळूहळू सरळ झाली. "एवढंच?" असं मागून कुणीतरी म्हणालं. जुनैदीचा चेहरा असा झाला की मस्तुराला तिकडे बघवेना.

तेवढ्यात माक अंदाक मटकन खाली बसल्या.

"अगं बाई," त्या म्हणाल्या. "झाका ते. झाका आधी. ही मस्तुराची वार आहे."

मोठी माणसं पटकन एक पाऊल मागे सरली. त्यांच्यातल्या प्रत्येकाच्या घरच्या वळचणीखाली असं एक बोळकं होतं. कुणाच्या ते लक्षात होतं आणि कुणाच्या नव्हतं.

"वार म्हणजे?" आह सेंगनं हळूच विचारलं.

"बाळाबरोबर येते ती. बाळाचं भावंडच. बापानं ती धुवायची, मीठ घालून बोळक्यात ठेवायची आणि दारात पुरायची. मुलीची डावीकडे." माक अंदाकांनी ओढणीनं तोंड पुसलं. "मी तेव्हा विशीत होते. छत्री मीच धरली होती. भावंडाला ऊन लागू द्यायचं नाही ना. सालेह नवा सारुंग नेसला होता, दोन्ही हातांत हे बोळकं, आणि एवढ्या पायऱ्या उतरून आला. वाटेत इकडेतिकडे बघायचं नसतं. बापाची नजर फिरली तर मूल तिरळं निघतं. बंदरावरचे सगळे टवाळ कुंपणाशी उभे राहून त्याला हाका मारत होते. 'ए सालेह, बोट आली! सालेह, साहेब बोलावतोय!' शेवटच्या पायरीवर त्याचा पाय सटकला. गुडघा फुटला, रक्त आलं. पण मान? मान काही वळवली नाही पठ्ठ्यानं."

"आणि पेन्सिल?" मेलातीनं विचारलं.

"ती त्याचीच. कामावरची. पोरगी शिकावी म्हणून. बायकोनं सुई घातली, शिवणकाम यावं म्हणून."

"शिवणकाम काही आलं नाही," मस्तुरा म्हणाली. तिचा आवाज तिला स्वतःलाच अनोळखी वाटला.

पाक एर्ते कागद घेऊन उभे होते. आता हे कुठल्या खात्यात कळवायचं, हा प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होता. शेती नव्हे. पाणी नव्हे. संस्कृती म्हणावी तर वस्तू पन्नाशीही न गाठलेली, आणि तिचा दुसरा भाग समोर पायरीवर उभा. त्यांनी कागदाची घडी केली, ती खिशात घातली आणि टोपी सरळ केली.

"परत ठेवायला हवं," ते म्हणाले. पहिल्यांदाच त्यांचा आवाज एका माणसापुरता होता. "पण बापानं ठेवायचं असतं. बाप तर..."

"मी ठेवते," मस्तुरा म्हणाली.

माक अंदाकांना कुणीतरी हात धरून उठवलं. छत्री आणली गेली. काळी छत्री मिळेना, म्हणून कॉफीच्या दुकानातली, वर सरबताची जाहिरात असलेली. मस्तुरानं बोळकं घरात नेलं, झाकण स्वच्छ पांढऱ्या कापडानं बांधलं आणि दोन्ही हातांत धरून दारात आली.

"बु, इकडेतिकडे बघू नका," मेलातीनं खालून सांगितलं.

"आता या वयात कसले तिरळे होतायत डोळे," कुणीतरी पुटपुटलं.

"तरी पण नाही बघायचं," मेलाती म्हणाली. "अतोकनी बघितलं नव्हतं."

मस्तुरानं बघितलं नाही. डाव्या हाताला माणसं होती, उजव्या हाताला धूर होता, आणि डोळ्यांतून जे वाहत होतं ते पुसायला हात मोकळा नव्हता. ती वडिलांच्या पायऱ्या एकेक करून उतरली. तिनं खड्ड्यात बोळकं ठेवलं, पहिली मूठ स्वतः टाकली आणि मग फावडं जुनैदीला दिलं. त्यानं माती हळूहळू, न आपटता लोटली.

वस्ती पांगली. सोन्याची गोष्ट कुणी काढली नाही. माशाच्या वड्या मात्र सगळ्या खपल्या.

मस्तुरा पायऱ्यांवरच बसून होती. मुलं जाऊन कुंपणाच्या फाटकावर चढली होती. शाळेतली चारपाच मोठी पोरं उशिरा कळल्यामुळे धावतपळत येऊन बाहेर उभी होती.

"काय रे जुनैदी, सापडला का तुमच्या अतोकचा खजिना?"

"सापडला."

"मग दाखव की."

"परत पुरला."

पोरं खदाखदा हसली. "थापा! केवढा होता, सांग बघू. केवढा?"

मस्तुरा जागची उठली. फाटकावरून जुनैदीनं मागं वळून तिच्याकडे पाहिलं. तिला पायांपासून डोक्यापर्यंत नीट न्याहाळलं, जरा हिशेब केला आणि फाटकावरून खाली उतरला. मग चवड्यांवर उभा राहून त्यानं हात डोक्याच्याही वर, पोचेल तितका उंच धरला.

"एवढा," तो म्हणाला.